रविवारचं पित्त

पनवेल
२८ सप्टेंबर २०२५

स्वानंद,

पाकिटावर मुद्दाम सूनबाईचं, मितालीचं नाव घातलं आहे. तुझं घातलं असतं तर पत्र तुझ्या टेबलावर न उघडताच पडून राहिलं असतं, हे मला ठाऊक आहे. फोनवर तू "औषधं घेतेस ना?" एवढंच विचारतोस, मी "हो" म्हणते, आणि मग नातीचं, इराचं, विचारेपर्यंत तुझी मीटिंग सुरू झालेली असते. म्हणून लिहिते आहे.

काम साधं आहे. शनिवारी, ११ ऑक्टोबरला, मेडिकल कॉलेजमध्ये एक छोटा कार्यक्रम आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांचं शवविच्छेदन सुरू होण्याआधी ते देहदान केलेल्यांच्या घरच्यांना बोलावतात. फुलं वाहतात, मुलं शपथ घेतात. गेली दोन वर्षं पत्र आलं होतं, मी गेले नाही. यंदा कादंबरी म्हात्रेने स्वतः फोन केला. तुला आठवते का ती? अठ्ठ्याण्णवच्या दहावीची, दोन वेण्यांची, माझ्या तासाला कायम पहिल्या बाकावर. आता ती तिथे शरीररचना शिकवते. "मॅडम, या वर्षी याच. आणि जमलं तर स्वानंदलाही घेऊन या," म्हणाली. का, ते सांगितलं नाही.

तू यावंस असं मला वाटतं. वडोदऱ्याहून सकाळच्या गाडीने निघालास तर दुपारी पोचशील. घरी राहायचं नसेल तर जगनकाकांकडे खारघरला राहा. मी विचारणार नाही.

एक गोष्ट मात्र लिहून टाकते. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुला जे बोलले, ते दुःखात बोलले. बुधवारी संध्याकाळी तू बाबांशी देहदानावरून भांडलास आणि गुरुवारी सकाळी ते गेले. हे दोन्ही खरंच आहे, पण त्या वेळी बोलायला नको होतं. माणूस गेल्यावर घरातलं बाईमाणूस काहीतरी बोलून जातं. तीन वर्षं ते धरून बसण्यासारखं आहे का?

गुडघे दुखतात. बाकी ठीक.

आई


पनवेल
१२ ऑक्टोबर २०२५

स्वानंद,

तू आला नाहीस. मीही आधी ठरवलं होतं की पुन्हा लिहायचं नाही. पण काल जे कळलं ते तुला सांगणं भाग आहे.

कार्यक्रम बरा झाला. दीडशे मुलंमुली पांढरे कोट घालून उभी होती, कोटांच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. संपल्यावर कादंबरीने मला तिच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि माझ्यासमोर बसायचं सोडून उभीच राहिली. विद्यार्थिनीच की ती.

"मॅडम, मी सांगणार आहे ते नियमात बसत नाही. टेबलावर देह येतो तो नंबराने येतो. पण सरांचा देह आला त्या दिवशी मीच ड्यूटीवर होते. नंबर मला माहीत होता. दीड वर्ष मी हे पोटात ठेवलंय."

मग तिने सांगितलं. गेल्या वर्षी मुलांनी बाबांची छाती उघडली. हृदयाभोवती एक पिशवी असते, हृदयावरण. पातळ पण चिवट, आत चमचाभर पाणी, हृदय घासू नये म्हणून. मी हे वाक्य तेहतीस वर्षं फळ्यासमोर म्हटलं आहे. बाबांची ती पिशवी ताणून टम्म झालेली होती. मुलांनी कापली तर आत पाण्याऐवजी काळं, गोठलेलं रक्त. ते काढल्यावर खाली डाव्या निलयाच्या, म्हणजे खालच्या कप्प्याच्या, भिंतीला चीर दिसली, बोटाच्या पेराएवढी. आणि चिरेच्या आजूबाजूचा स्नायू पिवळट, मऊ पडलेला.

"तो स्नायू त्या दिवशी मेलेला नाही, मॅडम," कादंबरी म्हणाली. "मी पॅथॉलॉजीवाल्यांकडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतलं. तीन ते पाच दिवस जुना आहे. झटका आधीच येऊन गेला होता. मेलेली भिंत चौथ्या-पाचव्या दिवशी सगळ्यात कमजोर असते, तेव्हा फाटते. रक्त पिशवीत भरतं, हृदयाला फुगायला जागा राहत नाही. दोन-चार मिनिटांत सगळं संपतं."

मी विचारलं, "आदल्या दिवशी फोनवर फार चिडाचीड झाली होती. त्याने झालं असेल?"

ती म्हणाली, "रक्तदाब वाढला असेल थोडा. पण त्या भिंतीला खोकलासुद्धा पुरला असता. जिना पुरला असता. तेव्हा तुम्हीच सांगितलं होतंत, फोननंतर ते रात्रभर झोपले, सकाळी आंघोळ केली. मूळ दुखणं फोनच्या आधीचं आहे, हे मी लिहून देऊ शकते."

म्हणजे तुझ्यामुळे नाही, स्वानंद. हे कळवायला हे पत्र.

तू विचारशील, आधीचं म्हणजे कधीचं. हिशोबाने रविवार येतो. रविवारी त्यांना थोडं पित्त झालं होतं. ते स्वतःच पित्त म्हणाले होते. छातीचं काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी ओळखलं नसतं का?

कादंबरीने अजून एक सांगितलं. हृदय त्यांनी वेगळं ठेवलं आहे, संग्रहालयात, काचेच्या बरणीत. इतकं स्पष्ट उदाहरण सहसा मिळत नाही म्हणून. मी ते पाहिलं नाही.

आई


पनवेल
१६ ऑक्टोबर २०२५

स्वानंद,

मागचं पत्र पोस्टात टाकून परत येताना वडाळे तळ्याच्या कट्ट्यावर बसले आणि तिथेच ठरवलं की हे लिहायचं. मागच्या पत्रातला शेवटून दुसरा परिच्छेद खोटा आहे.

बाबा पित्त म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते.

रविवार, २१ ऑगस्ट. अठ्ठ्याण्णवच्या बॅचने शाळेच्या सभागृहात माझा सत्कार ठेवला होता, साडेदहाला. मी निळी पैठणी नेसत होते. बाबा आतल्या खोलीच्या दारात आले, चौकटीला धरून उभे राहिले. कपाळावर घाम होता. म्हणाले, "शोभा, छातीत जड जड वाटतंय गं. इथे खांद्यात पण येतंय, आणि जबड्यात."

स्वानंद, छाती, डावा खांदा, जबडा, घाम. हे मी दर वर्षी नववीला पाठ करून घेत होते. चार लक्षणं लिहा, दोन गुण.

मी निऱ्या सोडल्या नाहीत. म्हटलं, "काल रात्री तीन वडे खाल्लेत तुम्ही. पित्त आहे." ओव्याचं पाणी करून दिलं, त्यांची ती गुलाबी गोळी दिली. त्यांनी निमूटपणे घेतली. मी चपला घालत होते तेव्हा म्हणाले, "अर्धा तास थांबतेस का?"

मी म्हटलं, "अहो, चाळीस माणसं वाट बघतायत. तुम्हाला नेमकं माझ्याच वेळी काहीतरी होतं."

आणि गेले.

सभागृहात मुलांनी हट्ट धरला की मॅडम, ते दोन्ही हातांनी हृदय काढायचं परत एकदा दाखवा. मी दोन खडू घेतले, एका हाताने उजवी बाजू, एका हाताने डावी, वरून महाधमनीची कमान. टाळ्या पडल्या. कादंबरीने मोबाइलवर ते टिपलं आहे. तिने मला पाठवलं होतं. त्यावर वेळ दिसते, अकरा वाजून एकोणीस मिनिटं.

माझा फोन पर्समध्ये आवाज बंद करून ठेवला होता. बाबांचे दोन फोन येऊन गेले होते. एक अकरा वाजून बारा मिनिटांनी, एक अकरा एकतीसला. ते मी रिक्षात बसल्यावर पाहिले. शुक्रवारी, बाबांचा देह कॉलेजला देऊन आल्यावर, मी फोनमधून ते दोन्ही काढून टाकले. आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

घरी आले तर ते पलंगावर उताणे पडले होते, बाजूला बादली. उलटी झाली होती. चेहरा राखेसारखा. "आता बरं आहे," म्हणाले. "तुझा कार्यक्रम कसा झाला?" मी हार टेबलावर ठेवला आणि त्यांना कार्यक्रम सांगत बसले. अर्धा तास सांगितला. मध्ये त्यांनी डोळे मिटले तेव्हा मला रागसुद्धा आला.

सोमवारी वेणू भांडी घासून निघताना मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "बाई, सायबांचा रंग बराबर नाय दिसत. आमच्या सासऱ्याचा बी असाच झालेला. तुमी डाक्टरला दाकवा आजच." कोन गावाहून रोज येणारी, चौथी नापास झालेली बाई. मी तिला म्हटलं, "तू तुझं काम कर."

का म्हटलं, ते तीन वर्षं शोधते आहे. मंगळवारी दुपारी ते झोपले असताना मी त्यांची नाडी पाहिली. मध्येच एक ठोका चुकत होता. तेव्हा मला कळलं होतं. मी त्यांचा हात हळूच चादरीवर ठेवला आणि उठले. डॉक्टरकडे गेलो असतो तर पहिला प्रश्न आला असता, दुखतंय कधीपासून. रविवारपासून. मग इतके दिवस काय केलंत, मॅडम? डॉक्टर माझाच विद्यार्थी. मी मनाशी म्हटलं, गणपती आठ दिवसांवर आलेत, गणपती झाले की नेऊ. तोवर बरंही वाटेल.

बुधवारी तुझा आणि त्यांचा फोन झाला. मी कणीक मळत होते. तुझा आवाज फोनबाहेर येत होता. "आजीला तुम्ही अग्नी दिलात, मग मी तुम्हाला का नाही द्यायचा? मेल्यावर तरी माझे व्हा!" मला तुझा राग आला आणि बरंही वाटलं. घरात दुसरं काहीतरी घडलं म्हणून.

गुरुवारी सकाळी आंघोळ करून ते पलंगावर बसले, सदऱ्याची दोन बटणं लावली आणि आडवे झाले. मी चहा घेऊन आले तेव्हा गेले होते.

दुपारी तू आलास. कॉलेजची माणसं दिवाणखान्यात बसली होती. तू म्हणालास, "मी सही करणार नाही, मला बाबांना स्मशानात न्यायचंय." जगनकाका, काकू, शेजारचे, सगळे तिथेच होते. तेव्हा मी म्हटलं, "काल तुझा फोन आला आणि आज ते गेले. जिवंतपणी ऐकलं नाहीस, आता तरी ऐक." तुझा चेहरा पडला. तू पेन घेतलंस.

ते वाक्य मी दुःखात बोलले नव्हते, स्वानंद. मी ते विचार करून बोलले. कोणीतरी मला विचारेल की चार दिवस त्यांना काय होत होतं, त्याआधी मी ते तुझ्यावर ढकललं.

आणि त्या वाक्यामुळे तू सही केलीस, म्हणून देह टेबलावर गेला, म्हणून हे उघडं पडलं. नाहीतर त्याच संध्याकाळी सगळं जळून गेलं असतं आणि मी मरेपर्यंत सुटले असते. याचं मला वाईट वाटत नाही. बाकी सगळ्याचं वाटतं.

क्षमा मागायला हे लिहिलेलं नाही. मागण्यासारखी ती गोष्ट नाही. तू दोषी नाहीस एवढं तुला माझ्याच हातचं, माझ्या अक्षरात मिळावं.

आई


वडोदरा
३१ ऑक्टोबर २०२५

आई,

तुझी तिन्ही पत्रं वाचली. तिसरं मितालीने आधी वाचलं आणि दिवाळी होईपर्यंत मला दिलं नाही.

मला मराठीत लिहायची सवय राहिलेली नाही, चुका असतील. तू लाल पेन घेऊ नकोस.

तुला वाटतं मी तुझ्या त्या वाक्यामुळे घरी आलो नाही. तसं नाही आहे.

बुधवारचा फोन मी केला नव्हता. बाबांनी केला होता. तू माझा चढलेला आवाज ऐकलास तो नंतरचा. त्याच्याआधी पाच-सात मिनिटं ते हळू बोलत होते, तू ऐकू नये म्हणून. ते म्हणाले, "रविवारी छातीत बरंच दुखलं रे. तुझ्या आईला पित्त वाटतंय. मला नाही वाटत. काय करू, दाखवू का डॉक्टरला?"

मी ऑफिसमधून निघत होतो. दुसऱ्या दिवशी ऑडिट होतं. मी म्हटलं, दाखवा ना, त्यात विचारायचं काय. ते म्हणाले, "दाखवलं तर तिला लागेल. ती त्या दिवशी कार्यक्रमाला गेली होती. तू दोन दिवस येऊन जा, तू आलास म्हणून सहज दाखवलं असं होईल." मी म्हटलं जमणार नाही, गणपतीला येतोच आहे. मग ते म्हणाले, "बरं. तोवर काही झालंच तर एक सांगून ठेवतो, मी देहदानाचा फॉर्म भरलाय." तिथून भांडण सुरू झालं. तू ऐकलंस ते.

तू ऐकलं नाहीस ते पुढे आहे. ते म्हणाले, "स्वानंद, आवाज चढवू नकोस, मला आत्तासुद्धा दुखतंय." आणि मी म्हटलं, "बाबा, प्रत्येक भांडणात तुमचं काही ना काही दुखतं." आणि फोन ठेवला.

गुरुवारी तू सगळ्यांसमोर बोललीस तेव्हा मला वाटलं बाबांनी तुला सगळं सांगितलंय. मला वाटलं तुला माहीत आहे की त्यांनी मला विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं. तू फक्त अर्धंच बोललीस, उरलेलं चारचौघांत बोलली नाहीस, मला सांभाळून घेतलंस. मी सही केली ती त्यामुळे. तीन वर्षं मी फोनवर चाळीस सेकंदांच्या वर बोलत नव्हतो, कारण मला वाटायचं एकेचाळिसाव्या सेकंदाला तू ते काढशील.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मला तुझा खूप राग आला. तो अजून आहे. त्यांनी "थांबतेस का" विचारलं आणि तू गेलीस, हे वाचून मी घरातून बाहेर पडलो आणि दोन तास चालत होतो. मग लक्षात आलं की त्यांनी मलाही तेच विचारलं होतं. "दोन दिवस येऊन जा."

ते हृदय मला हवं आहे का, नको आहे, मला कळत नाही. ते अजून तिथेच आहे का?

स्वानंद


पनवेल
८ नोव्हेंबर २०२५

स्वानंद,

तुझं पत्र मंगळवारी वेणूने दारातून आणून दिलं. आज शनिवार. मधले दिवस मी ते रोज एकदा वाचलं. लाल पेन घेतलं नाही.

त्यांनी तुला विचारलं, मला विचारलं नाही. माझं उत्तर त्यांना रविवारीच मिळालं होतं. आजारी माणूस आपल्या बायकोला लागू नये म्हणून दुखणं लपवत होता आणि मी माझं नाव खराब होऊ नये म्हणून तेच दुखणं लपवत होते. एका घरात, एका पलंगाच्या दोन बाजूंना.

बुधवारी संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेलं असतं तर काय झालं असतं, हे मी कादंबरीला विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस. ती खोटं बोलणार नाही, आणि उत्तर काहीही आलं तरी आपल्याला ते पेलणार नाही.

तुझं पत्र यायच्या आधीच मी एक काम केलं होतं. भाऊबीजेला जगनकाकांकडे सगळे जमले होते. त्या दिवशी आपल्या दिवाणखान्यात होते तेच बहुतेक. जेवणं झाल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं की कमलाकर स्वानंदच्या फोनने गेले नाहीत, रविवारीच झटका आला होता, त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी सत्काराला निघून गेले. काकूंच्या हातातली करंजी तशीच राहिली. जगनकाका म्हणाले, "वहिनी, झालं गेलं. आता कशाला उकरून काढता? दादा काही परत येणार नाही."

मी म्हटलं, "तुम्ही लोकांना काय सांगितलंत तीन वर्षं?"

ते खाली बघत म्हणाले, "हेच की पोराने बापाला बोलून बोलून मारलं."

"किती जणांना?"

"असतील दहा-पंधरा."

"मग त्यांना परत फोन करा," मी म्हटलं. त्यांनी काही जणांना केलेत. मला उलट फोन आले, त्यावरून कळलं. दोघीजणी आता माझ्याशी बोलत नाहीत. तेही बरोबरच आहे.

वेणूलाही सांगितलं. ती म्हणाली, "मना ठाव व्हता, बाई." आणि केर काढायला घेतला.

तू विचारलंस ते सांगते. हृदय तिथेच आहे. काल मी गेले. कादंबरी सोबत येत होती, मी तिला दाराबाहेर थांबवलं. ते मी फळ्यावर काढायचे तसं मुळीच नाही. लहान आहे, मातकट रंगाचं, एका बाजूला कललेलं, वर चरबीचे पट्टे. पिशवीचा कापलेला काठ मागे दुमडून ठेवला आहे, म्हणजे मुलांना चीर दिसावी. चिरेत काचेची बारीक कांडी घातली आहे. खाली चिठ्ठी आहे, पुरुष, वय ६९. नाव नाही. मी पंधरा मिनिटं उभी होते. तेवढ्यात मुलांची एक तुकडी आत आली, मला बाजूला होऊन जागा द्यावी लागली.

कादंबरी म्हणते, बाकीच्या देहाचा अंत्यविधी कॉलेजने गेल्याच वर्षी रीतसर केला. हृदय घरच्यांना परत हवं असेल तर मिळेल. अर्ज करायचा, ते आपल्या हाती देतील, मग तुला अग्नी देता येईल. नको असेल तर ते तिथेच राहील, आणखी कितीतरी वर्षं मुलं त्यावर शिकतील. दोन्ही चालतं, म्हणाली.

मला याबद्दल ठाम मत आहे. ते मी तुला सांगणार नाही. फोनवर विचारलंस तरी नाही.

अर्ज या पाकिटात आहे. एकच पान आहे, मराठीत. दोन चौकोन आहेत, परत हवे आणि परत नको. खाली दोन सह्यांच्या जागा आहेत, पत्नी आणि मुलगा. मी दोन्ही चौकोन कोरे ठेवले आहेत आणि सहीही केलेली नाही. तू आधी कर. तू जिथे खूण करशील त्याच्याखाली मी करेन.

आई